भाऊजींच्या दारासमोरचा गोठा

मुरूड

माऊलीच्या बापूंना द्वारकाचा नमस्कार.

आपल्या लेकीच्या, वंदनाच्या घरी मी बराबर पोचले. फोन केला न्हाई, कारण तुम्ही तो मोठ्यानं लावता अन् तुमचा भाऊ कल्याण समोरच्या ओट्यावरून सगळं ऐकतो.

तिनं समुद्रातले किल्ले दाखवले. सिद्दीचा जंजिरा महाराजांच्या हाती आला न्हाई. मंग ते तुमच्यासारखे हात जोडत बसले न्हाईत. त्याच्या नजरेसमोरच्या खडकावर त्यांनी पद्मदुर्ग बांधला. दगड खाऱ्या पाण्यानं झिजले, पण मधला चुना अजून उभा हाय.

कल्याणभाऊजींनी आपल्या गाडवाटेत बाभळीचे काटे टाकले, अन् आपलं सोयाबीन शेतातच भिजलं. तुम्ही पाया पडलात, तरी काटे हलले न्हाईत. आता त्यांच्या दारासमोरची जागा आपल्या नावची हाय. तिथं म्हशींचा गोठा बांधा, अन् उकिरडा बराबर त्यांच्या उंबऱ्यासमोर येऊ द्या.

गुडघ्याला तेल लावता का? गोळी जेवल्यावर घ्या, उपाशीपोटी न्हाई.

मी येईस्तोवर गोठ्याचा पाया भरून ठेवा. धाकट्या भावाची कीव आलीच, तर भाकरीबी त्याच्याच घरी मागा.

तुमच्या घरची,
द्वारका