फ्लोटांची लाल बुचं

२१ एप्रिल
फ्लोट माझ्याकडे आले! एइनारनी स्वतः आणून दिले, टॉवेलात गुंडाळून. आमच्या रिमोटवरच्या छोट्या विमानांच्या क्लबची रीतच आहे — दर हंगामात सगळ्यात वयस्क सभासदाचं विमान तळ्यावरून उठल्याशिवाय बाकीच्यांनी रिमोटला हात लावायचा नाही. एइनार ब्याऐंशी वर्षांचे. म्हणजे एकोणीस मेला पहिलं उड्डाण त्यांचं, आणि ते विमान पाण्यावर ज्यांच्यावर तरंगणार ते पोकळ लाकडी फ्लोट माझ्या हातचे. तीस वर्षं हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. "यंदा तू कर, वर्ना," एवढंच म्हणाले. एवढी वर्षं बर्फातून शाळेची बस चालवली, पण एवढी जोखीम कधी वाटली नव्हती.

२४ एप्रिल
जुना रंग घासून काढला. एइनार बघायला आले. बघायला कसले — सांध्यावरून अंगठा फिरवत बसले, तोंड खिडकीकडे. मध्येच थांबले. "इथे." मला काही दिसेना. भिंग लावलं तर केसाएवढी चीर! काय माणूस आहे! मी म्हटलं, तुम्हाला न बघता कसं कळतं? तर म्हणाले, डोळे फसवतात, बोटं फसवत नाहीत. हे वाक्य गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवणार आहे.

२९ एप्रिल
पाणी रोखणाऱ्या इपॉक्सीचे तीन हात. केसांच्या ड्रायरने जरा पातळ करून — म्हणजे लाकडात मुरतं. प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपर. मग टबात कोमट पाण्याखाली दाबून धरले. एकही बुडबुडा नाही! स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी आणि नंतर तेच वजन. नवऱ्याने, ग्लेनने, दाराबाहेरून विचारलं, या घरात माणसांनी आंघोळ कधी करायची?
आत शिरलेलं पाणी काढायला मागच्या टोकाला भोकं असतात, त्यांना रबरी बुचं नवी घेतली. गवतात पडली तर सापडावीत म्हणून नेलपॉलिशने लाल केली.

५ मे
चाचणी. एइनार, मी आणि क्लबातला ड्वेन. बुचं तपासायचा शेवटचा हात उडवणाऱ्याचा, तो एइनारनी फिरवला. विमान सुटलं, पाणी कापत गेलं, शेपूट बसत चाललं. उठेचना. कसंबसं काठाला आणलं. एइनारनी फ्लोट कलते केले, प्रत्येकातून अर्धा कप पाणी!
ड्वेन म्हणाला, "वर्नाबाई, फ्लोट सांगितले होते, चाळण नाही."
एइनार फ्लोट पुसत बसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

६ मे
रात्रभर टबात ठेवले, वर विटा ठेवून. सकाळी आत कोरडे ठणठणीत. डोकं चालत नाही.

१२ मे
पुन्हा तेच. पुन्हा अर्धा कप. ड्वेनने सगळीकडे सांगितलंय. बैठकीत कुणीतरी म्हणालं, फ्लोट दुसऱ्या कुणाला द्यावेत, एवढ्या मोठ्या माणसाची शोभा नको. एइनार खाली बघत बसले. त्यांचाही विश्वास उडाला माझ्यावरचा. गाडीत बसून रडले.

१८ मे
आज शेवटची चाचणी. मी अवजारं आणायला शेडमध्ये गेले होते. दारातून पाहिलं — एइनार धक्क्यावर उकिडवे बसलेले. बोटांनी चाचपत त्यांनी दोन्ही बुचं उपसली, खिशात टाकली, आणि विमान पाण्यात ठेवलं.
असा संताप आला! दोन आठवडे मी स्वतःला शिव्या घालतेय आणि हे! तरातरा निघाले जाब विचारायला. तेवढ्यात डोक्यावरून पेलिकन पक्षी गेला, पांढराशुभ्र, पंख पुरते पसरून. पंखांचा आवाज ऐकून एइनारनी मान वळवली — पण चुकीच्या बाजूला. म्हणाले, "वर्ना, तू का? वरून काय गेलं गं?"
पाय तिथेच थांबले. चीर बोटांना कळते. आभाळातलं विमान बोटांना कसं कळणार? विमान पाण्याने जड झालं, उठलंच नाही, म्हणजे त्यांनी उडवायचा प्रश्न नाही. कुणाला कळायला नको.
"पेलिकन," मी म्हटलं. आणि अवजारं आणायला परत शेडकडे वळले. उद्या काय सांगायचं ते माझं ठरलंय. इतकं शिकवलं त्यांनी, माझं नाव गेलं तर गेलं.

१९ मे
तीसेक माणसं काठावर. विमान उठलं नाही. मी पुढे झाले आणि मोठ्याने म्हटलं, चूक माझी, फ्लोट मला जमले नाहीत.
एइनारनी खिशातून दोन्ही लाल बुचं काढून सगळ्यांसमोर धरली. "हिच्या फ्लोटांत थेंब शिरत नाही. बुचं मी काढली. मला आता विमान दिसत नाही."
ड्वेनने टोपी काढली. एइनारनी फ्लोटांतलं पाणी ओतून टाकलं, बुचं बसवली, न बघता, आणि रिमोट माझ्या हातात दिला. "ज्याचे फ्लोट, त्याने उडवावं."
मी विमान सोडलं. ते शेजारी उभे, डोळे मिटून. पाण्याची सळसळ थांबली. "सुटलं," ते म्हणाले — मला दिसायच्या आधी.