बिननावाची वीरगळ

६ जानेवारी २०२५
रुजू झाले एकदाची. नाशिकला आठ वर्षं लोकांना वाइन कशी चाखायची ते शिकवलं. उपेंद्रची म्हैसूरला बदली झाली तेव्हा वाटलं होतं, आता हिनकलच्या फ्लॅटमध्ये बसून नुसता कढीपत्ता निवडायचा. पण कृष्णराजनगरच्या पुढे हा द्राक्षमळा सापडला. मागे कालवा, आणि चाखायच्या खोलीची खिडकी थेट मळ्यावर उघडते. उपेंद्रला तर वाइनच्या नुसत्या वासाने शिंका येतात. त्याला म्हटलं, तुझी बायको आता रोज पिऊन घरी येणार. तो म्हणाला, ये वल्लरी, पण डबा विसरू नकोस.

९ जानेवारी
सातव्या ओळीच्या टोकाला एक वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या कोणाचा तरी दगड. घोडा, भाला, वर चंद्रसूर्य, आणि नाव कुठेच नाही. या भागात पेशव्यांची फौज हैदरच्या फौजेशी लढली होती, तेव्हाचा म्हणतात. मळ्याचे मुकादम शंभूराव त्याची देखभाल करतात. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत शिलेदार. घरी मराठीच बोलतात, पण त्यातलं निम्मं मला कळत नाही. दर अमावास्येला ते दगडावर तांब्याभर पाणी घालतात, तोंड मिटून. का, म्हणून विचारलं. म्हणाले, आपले लोक दोन्हीकडून मेले, हा कुठला, कोणाला ठाऊक? आणि नाव घेऊन पाणी घातलं की त्या नावाचा माणूस प्यायला येतो. म्हणून सुम्मने घालायचं. सुम्मने म्हणजे गपचूप.

१८ जानेवारी
आमच्या मॅनेजरबाई, चैत्रा, मागेच लागल्या होत्या. बेंगळुरूचे पाहुणे दगडाचे फोटो काढतात आणि हा कोण म्हणून विचारतात. काहीतरी गोष्ट सांगा म्हणाल्या. मग आज साडेतीनच्या बॅचला दिली ठोकून. डाव्या बरगडीखाली भाला लागलेला स्वार, दोन दिवस पाणी पाणी करत पडलेला. नाव काही सुचेना, तेव्हा घरचंच दिलं: उपेंद्रराव. शेवटचा घोट सगळ्यांनी त्याचं नाव घेऊन दगडावर ओतायचा, हेही माझंच डोकं. बावीस जण एका सुरात म्हणाले. एका बाईंनी तर डोळे पुसले.

शंभूराव हातात कात्री घेऊन उभे होते. ‘बेडा अक्का, हे बेडा,’ एवढंच म्हणाले. बेडा म्हणजे नको.

घरी सांगितलं तर उपेंद्र संध्याकाळभर नसलेल्या मिशीला पीळ देत होता.

२ फेब्रुवारी
गोष्ट चांगलीच चालली. चैत्राने दगडाशेजारी नावाची पाटी लावली. आता रोज साडेतीनला घोट ओततात.
उपेंद्र पाणी फार पितो आहे. जेवताना दोन तांबे. इथला उन्हाळा लवकर येतो म्हणे.

११ फेब्रुवारी
त्याच्या डाव्या बरगडीखाली दुखतं. एक्स-रे काढला, काही नाही.
त्याच्या ऑफिसातल्या गुंजनचा फोन आला. चाचरत बोलत होती. म्हणाली, उपेंद्र रोज दुपारी खुर्चीतून उठतो, ‘आलो’ म्हणतो आणि दाराकडे चालू लागतो. हाक मारली की थांबतो, पण त्याला काही आठवत नाही. मी विचारलं, किती वाजता?
साडेतीनला.

१४ फेब्रुवारी
त्याच्या तोंडाला वास येतो. आमच्याच शिराझ वाइनचा. मी हजारात ओळखीन.
शिंकलासुद्धा नाही.

१५ फेब्रुवारी
नाव घेणं बंद केलं. पाटी उपटली. पण लोक मोबाइलवर वाचून येतात. मी गप्प उभी, आणि तेच एकमेकांना सांगतात, तेच ओततात. मी ओरडले त्यांच्यावर. त्यांना वाटलं, हाही खेळाचाच भाग.

१७ फेब्रुवारी
उपेंद्र जेवत नाही. बरगडीखाली काळंनिळं, रुपयाएवढं. पाणी, नुसतं पाणी.
शंभूरावांचे पाय धरले. म्हणाले, दिलेलं नाव परत येत नाही, अक्का. ज्याने दिलं त्याने वर दुसरं द्यायचं. पण तेही खऱ्या, जित्या माणसाचंच पाहिजे. बोलताना रडत होते. मला माझाच राग येतो — एका गोष्टीसाठी, टाळ्यांसाठी —

१९ फेब्रुवारी
सांगितलं. म्हटलं, आधीची गोष्ट चूक होती, इथे एक बाई पडली. नाव सांगितलं. अठरा जणांनी घेतलं — वल्लरी.
चार वाजता उपेंद्रचा फोन. भूक लागली म्हणाला, दोन मसाला डोसे खाल्ले. हसत होता. किती दिवसांनी.
मी खूप रडले. मग पाणी प्यायले. मग परत —

२० फेब्रुवारी
पाण्याची बाटली संपली. जारही. डाव्या बाजूला काहीतरी —
साडेतीनची बॅच. आज चैत्रा नेते आहे त्यांना, माझी नवी गोष्ट सांगत. नको म्हटलं, ऐकलं नाही — खिडकीतून दिसतात. ग्लास उचलले —
उपेंद्र, डबा इथेच राहील आज. रागावू नकोस.
आणि माझ्या नावाने पाणी सोडू नकोस. कोणी कितीही म्हणू दे. सोडायचंच तर तोंड मिटून, सुम्मने —
म्हणाले. सगळे एकदम —
आले. आले, आ