जोडीच्या स्प्रिंगा

१२ नोव्हेंबर, दुपार

प्रिय बारक्या,

गाडीची पुढची एक स्प्रिंग तुटली आहे. काल मिस्त्रींनी गाडी उचलून, चाक काढून, स्वतः आत हात घालून पाहिलं आणि पक्कं सांगितलं. खालचा वेढा मोडून पडला आहे. दुसऱ्या बाजूची धड आहे, पण दबून खाली बसली आहे. मागच्या मूळच्याच आहेत, त्या ठीक आहेत.

तू बरा असशील. आईचा गुडघा आहे तसाच आहे आणि जीभही. गाडी एका बाजूला कललेली पाहून म्हणाली, “सवत लंगडायला लागली. आता तरी या घरात मला मान मिळेल.” बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून मुद्दाम लिहिते.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. फोनवर आपली गाडी हवापाण्यापुढे जात नाही, आणि बाबांचं नाव निघालं की तुझ्या दारावर नेमकं कोणीतरी येतं.

तर, स्प्रिंगा. त्या जोडीनेच बदलायच्या असतात. “एक नवी, एक जुनी घातली तर गाडी जन्मभर मान वाकडी करून चालेल,” असं मिस्त्री म्हणाले. त्यांनी दोन नमुने दाखवले. एक, आता आहेत तशा: आखूड, जाड तारेच्या, कडक. गाडी जमिनीला चिकटून धावते, वळणावर झुकत नाही, पण रस्त्यातला खडासुद्धा पाठीला कळतो. दुसऱ्या, गाडी कारखान्यातून आली तेव्हा होत्या तशा: उंच, मऊ. वळणावर थोडी कलेल, पण खड्डा पोटात घेईल. मी दोन्ही हातात घेऊन पाहिल्या. दाबून कोणतीच दबली नाही. मिस्त्री म्हणाले, “ताई, तुमच्या हाताने नाही कळायचं. हिच्यावर गाडी बसली की ही बोलते.”

कडक कोणी बसवल्या ते तुला सांगायला नको. बाबा परगावी होते आणि तुला त्यांना चकित करायचं होतं. चकित झालेही. एक फेरी मारून आले आणि सगळ्या गॅरेजसमोर म्हणाले, “माझ्या गाडीची हाडं खिळखिळी केलीस!” तू किल्ली टेबलावर ठेवलीस आणि त्याच महिन्यात तिकडची नोकरी घेतलीस.

पुढचं तुला कोणी कळवलं नसेल. बाबांनी त्या स्प्रिंगा काढल्याच नाहीत. मिस्त्रींनी कितीदा विचारलं, “साहेब, जुन्या मऊ पुन्हा घालू?” बाबांचं उत्तर एकच: “राहू देत, सवय झाली.” आई चिडायची. “सवय कसली! फेरी मारून आले की कंबर धरून बसतात, आणि वर मला सांगतात, गाडी रस्ता काय धरून चालते!” शेजारच्या काकांना बॉनेट उघडून दाखवायचे तेव्हा “हे काम आमच्या धाकट्याचं” म्हणायचे. स्प्रिंगा बॉनेटखाली दिसत नाहीत, हे काकांना ठाऊक नव्हतं आणि बाबांना सांगायची गरज वाटत नव्हती.

रविवारी तुझ्या दारावर कोणी आलं नाही आणि तू विचारलंस, “बाबा कसे आहेत?” मी म्हणाले, पाठ धरली आहे. बारक्या, पाठ धरलेली नाही. त्यांचा तो गाठीचा आजार कण्याच्या हाडांत उतरला आहे. मोठ्या डॉक्टरांनी शुक्रवारी तसं स्पष्ट सांगितलं. आता ऑपरेशन नाही, फक्त दुखणं आटोक्यात ठेवायचं. किती काळ, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही. “त्यांना हवं ते करू द्या” एवढंच म्हणाले. या वाक्याचा अर्थ न कळण्याइतकी मी लहान नाही. रविवारी आई शेजारी उभी होती, म्हणून फोनवर बोलले नाही. तिला माहीत आहे, पण तिच्यासमोर ते अजून कोणी उच्चारत नाही.

बाबांना हवं ते एकच आहे. गाडीतून तळ्यापर्यंत जाऊन यायचं, तिचं कापडी छत खाली करून. मी म्हटलं, टॅक्सीने नेते. तर म्हणाले, “टॅक्सीने जायला मी काय पाहुणा आहे?” डॉक्टरांनी होकार दिला, पण धक्का बसता कामा नये अशी अट घातली. म्हणजे मऊच स्प्रिंगा हव्यात. सरळ हिशेब आहे, असं मला वाटलं.

काल संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसून सांगितलं. डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, “होत्या तसल्याच आणायला सांग.”

“बाबा, त्या कडक आहेत. तुम्हाला सोसणार नाहीत.”

“इतकी वर्षं सोसल्या ना?”

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती.”

“त्या त्याच्या आहेत,” ते म्हणाले. “एकदा बोललो त्याला. आता त्याच्यामागे काढून टाकल्या तर तेच पुन्हा बोलल्यासारखं होईल. त्याला विचार. तो म्हणाला काढा, तर काढा.”

आई दारातून म्हणाली, “फोन लावून तुम्हीच विचारा की.” ते भिंतीकडे वळले. कुशीवर वळताना त्यांना किती वेळ लागतो, ते पाहवत नाही.

म्हणून हे पत्र. तू “काढा” म्हणालास तरच ते मऊ स्प्रिंगांवर बसतील. नाही म्हणालास तर ते कडकवरही बसतील, एवढं मी त्यांना ओळखते. त्या फेरीनंतर काय होईल, हे मला लिहायचं नाही.

मी आज मऊ जोडी मागवली आहे. बाबांना सांगितलेलं नाही. गुरुवारी येईल. शुक्रवारी मिस्त्री बसवतील, पण काम तिथे संपत नाही म्हणाले. गाडी अधांतरी असताना शेवटचे बोल्ट आवळले तर आतलं रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आधी गाडी चाकांवर उतरवायची, जे बसणार त्यांना आत बसवायचं आणि त्या वजनाखाली ती स्थिरावली की मग आवळायचे. मला विचारलं, “साहेब शेजारच्या सीटवर बसतील. चालवणार कोण?” मला आणि आईला गाडी येत नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी विचारलं. मी म्हटलं, कळवते.

“काढा” हा शब्द तू फोनवरही सांगू शकतोस. पण तो त्यांना सांग, मला नको.

शनिवारी सकाळी, ऊन फार चढायच्या आत, गाडी चाकांवर उतरेल. बाबांना खुर्चीतून अंगणात आणू आणि हळूच आत बसवू. मिस्त्री हातात पाना घेऊन गाडीखाली आडवे होतील आणि दुसरं माणूस बसेपर्यंत थांबतील.

फाटक उघडं ठेवते.

तुझी,
ताई