बाटलीतलं पाणी

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते. मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

पूर ओसरला. टाकीतला गाळ उपसून झाला, फुटलेली जलवाहिनी जोडली आणि तीनदा तपासून मी पाणी पिण्यालायक असल्याचा दाखला दिला. तरी नळाला कुणी भांडं लावेना.

एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या बाटलीकडे बोट दाखवलं. "यात कुठलं पाणी?"

खोटं बोलवेना. "उकळलेलं. आईला शब्द दिलाय."

"आई शहाणी आहे तुझी. आमच्या नातवंडांना मात्र नळाचं होय?"

माझाच दाखल्यावर विश्वास नव्हता की ती नुसती सवय होती, हे अजून कळत नाही. बाटली तिथेच रिकामी केली, नळाखाली भरली आणि त्यांच्यासमोर प्यायले.

"चार दिवस बघते," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून नळाचंच पिते. त्या रोज सकाळी दारातून विचारतात, "पोट कसंय गं?" अगदी तुझ्यासारखं.

आज पाचवा दिवस. पोट ठणठणीत आहे. सकाळी त्यांनी काही न विचारता हंडा नळाखाली ठेवला.

शब्द मोडला, रागावू नकोस. तू मात्र पाणी उकळूनच पी.

तुझीच,
धाकटी