नळ चावतो

सोमवार, ९ नोव्हेंबर
दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? जिने चढू नका म्हटलं तरी ऐकणार नाही, माहीत आहे मला. आईंचीच लेक तुम्ही.

इकडे सगळे ठीक. सगळे म्हणजे आई आणि मी. तुमचा भाऊ जाऊन दोन वर्षं होत आली, तरी मी चहाचं आधण तिघांचं ठेवते आणि उरलेला दुपारी गरम करून पिते. आत्ताही तोच पितेय. क्लिनिकमधून अर्धी सुट्टी घेतली. दिवसभर लोकांच्या दातांच्या वेळा लिहून घ्यायच्या आणि घरी येऊन आईंचं बघायचं, नाकी नऊ आलेत नुसते.

फोनच केला असता, पण फोनवर आई शेजारी येऊन बसतात, आणि त्यांचे कान तुमच्या-माझ्यापेक्षा तिखट आहेत.

आधी बरी बातमी सांगते. आईंना भ्रमबिम काही झालेला नाही. नळ खरंच चावत होता.

हो, वाचलंत ते बरोबर आहे. जुलैपासून त्या न्हाणीघरातून ओरडायच्या, "अगं, नळ चावतो गं मला!" मी धावत जायचे. जाताना काय करायचे, तर आधी बाहेरचं गीझरचं बटण बंद. ओल्या जागी शिरताना वीज बंद करावी, हे तुमच्या भावानेच लग्न झाल्या झाल्या शिकवलेलं. मग पायात रबरी चप्पल, कारण फरशी घसरडी. आणि मग नळ धरून, उघडून, बंद करून दाखवायचे. "बघा, चावला का मला? का मी गोड लागत नाही त्याला?"

मग त्या नळाला टॉवेल गुंडाळून फिरवायला लागल्या. नंतर आंघोळच नको म्हणायला लागल्या. एकदा तर शेजारच्या काकूंना सांगितलं, "सुनेनं नळाला काहीतरी करून ठेवलंय." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरांना मीच सांगितलं सगळं, टॉवेलचंसुद्धा. त्यांनी मान हलवली, वय झालं की होतं असं म्हणाले आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. तुम्ही त्या वृद्धाश्रमात खोली बघितलीत. मी हो म्हणाले. इथपर्यंत तुम्हाला माहीतच आहे.

गेल्या मंगळवारी सकाळी पुन्हा तीच ओरड. मला कामावर जायला उशीर झालेला, त्यात धावताना चपलेचा अंगठा तुटला. फेकली चप्पल. बटणाकडे न बघता, अनवाणी, तशीच आत घुसले आणि तावातावाने नळ पकडला. ताई, हात सुटेना. दंडापर्यंत असा झटका, की तोंडातून आवाज फुटेना. आईंनी प्लास्टिकचं टमरेल उचललं आणि माझ्या मनगटावर असं हाणलं, की मी भिंतीवर जाऊन आदळले. मनगट अजून निळं आहे. मी खाली बसून थरथरतेय आणि त्या अंगाशी टॉवेल धरून उभ्या. मला वाटलं आता म्हणतील, सांगत नव्हते? तर म्हणाल्या, "लागलं का गं फार?"

इलेक्ट्रिशियन आला तो एक नंबरचा बोलघेवडा. गीझर चालू करायला लावलं आणि स्वयंपाकघरातल्या नळाला टेस्टर टेकवला, तर तिथेही दिवा पेटला. "मॅडम, तुमच्या घरातले सगळे नळ म्हणजे वायरीच झाल्यात की!" असं म्हणून हसला. मला काही हसू आलं नाही.

त्याने सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. आपल्या घराच्या अर्थिंगची वायर पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधलेली होती. जुन्या घरांत असंच करायचे म्हणे. पाइप जमिनीतून आलेला, त्यामुळे घरात कुठेही वीज गळली तरी पाइपातून जमिनीत निघून जायची. आता जमिनीतला तो पाइप प्लास्टिकचा झाला, आणि प्लास्टिकमधून वीज जात नाही. गीझर जुलैच्या सुमारास आतून खराब झालेला. त्यातून गळलेली वीज वायरीतून घरातल्या पाइपांत यायची आणि तिथेच अडकायची. मग ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून जो नळ धरेल, त्याच्या अंगातून जमिनीत. आणि मी इतकी शहाणी, की बटण बंद करून, चप्पल घालून तपासायचे. माझी स्वतःची आंघोळसुद्धा बटण बंद करूनच. काळजी घ्यायचे म्हणूनच मला कधी कळलं नाही.

जमिनीतला पाइप कधी बदलला ते तुम्हाला आठवत असेल. मे महिन्यात तुम्ही आला होतात, गंजाचं पाणी बघून तुम्हीच प्लंबर बोलावलात, आईंना स्वच्छ पाणी मिळावं म्हणून. दोष देत नाही, ताई. प्लंबरला पाण्याचं कळतं. विजेवाल्याला विचारायचं तुमच्याही मनात आलं नाही आणि माझ्याही नाही.

आता अंगणात खड्डा खणून तांब्याची कांब ठोकलीय, घरातले सगळे पाइप हिरव्या वायरीने तिला जोडलेत. गीझर नवा आणलाय. वीज जराशी गळली की खटकन सगळं बंद करणारं बटणही बसवलंय. आई रोज आंघोळ करतात. आत गातातसुद्धा, बेसूर.

झालं, चांगली बातमी संपली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही अर्थ नाही.

परवा संध्याकाळी मी वृद्धाश्रमात फोन लावायला बसले होते, खोली नको म्हणून कळवायला. आई म्हणाल्या, "राहू दे. मी जाते."

"अहो आई, आता कशाला? नळ झाला ना नीट?"

"नळाचं नाही गं. चार महिने मी ओरडत होते. तुम्ही दोघींनी माझं डोकं तपासून घेतलंत, नळ कुणी तपासला नाही. तिकडे पगारी माणसं असतात. नळ चावतो म्हटलं तर निदान बघायला तरी येतील." मग म्हणाल्या, "आणि तू तरी किती करशील? दमलीस."

एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी 'जाऊ नका' म्हणायला हवं होतं. दोन शब्द, ताई. मी दूध उतू जाईल म्हणून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. दूध तापत ठेवलेलंच नव्हतं.

तिथे ओट्याशी उभी राहिले आणि मला बरं वाटलं. हलकं वाटलं. आता कुणाच्या हाकेकडे कान लावून झोपायला नको, असं मनात आलं. लाज वाटली, पण ती मागाहून. आणि खरं सांगायचं तर डॉक्टर 'वय झालं की होतं' म्हणाले तेव्हाही मला असंच बरं वाटलं होतं. भ्रम झालेल्या सासूला पाठवलं तर लोक नावं ठेवत नाहीत. इतके दिवस इलेक्ट्रिशियनला बोलवायचं मला कसं सुचलं नाही, याचं उत्तर बहुतेक हेच आहे. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

बाहेर आले तर त्या कपाट उघडून बसलेल्या. "हे जाड पांघरूण नेऊ का गं? तिकडे थंडी असेल?" मी म्हटलं, "न्या." एवढंच.

रविवारी गाडी येणार आहे. त्याआधी आई तुम्हाला फोन करतील आणि सांगतील, मी माझ्या मर्जीने चाललेय, सून मला काही म्हणाली नाही. सून काही म्हणाली नाही, हे खरं आहे. मर्जीचं मात्र खरं धरू नका. त्या पांघरुणाची घडी घालतात, मोडतात, पुन्हा घालतात आणि माझ्याकडे बघतात. कुणीतरी थांबवेल म्हणून वाट बघतायत. माझ्याच्यानं होत नाही. मी एकदा थांबवलं की मग मलाच निभवावं लागेल, आणि माझ्यात आता ते उरलेलं नाही. तुम्ही लेक आहात त्यांची. 'आई, माझ्याकडे चल' असं म्हणता येत असेल तर रविवारच्या आत म्हणा. येत नसेल तर मी बोल लावणार नाही, कुठल्या तोंडाने लावू? पण मग निदान गाडी निघताना इथे या. त्या दारातून मागे वळून बघतील, तेव्हा त्यांना माझं एकटीचं तोंड दिसायला नको.

तुमच्या आईंना 'जाऊ नका' न म्हणालेली,
तुमची वहिनी