शिक्का एकोणीसचा

सोमवार, ३ नोव्हेंबर

कोर्टातला पहिला दिवस. दोन वर्षं घासून कायद्याचा डिप्लोमा केला आणि मिळालेलं काम काय? चाक फिरवणं!

आवक खिडकीवर तारखेचा शिक्का असतो. येणाऱ्या प्रत्येक कागदावर तो मारायचा. रोज सकाळी त्याचं दिवसाचं चाक एक घर पुढे ढकलायचं, आणि हे मानाचं काम शिकाऊ कारकुनाचं. चाक इतकं अडतं की बोटाची साल निघते. शाई नखांत जाऊन बसते. मग त्याच बोटांनी कागद धरले की हेडक्लार्क ओरडतात, "तुमचे ठसे कशाला उमटवताय? आरोपी आहात का?"

हेडक्लार्कना मी मनातल्या मनात हरकतराव म्हणायचं ठरवलंय. माणूस समोर आला की त्याच्या कागदात त्रुटी काढायची, हा त्यांचा एकतीस वर्षांचा छंद. सकाळीच सगळे नियम पाठ करून घेतले. शाई निळी. समास दीड इंच. पाचला खिडकी बंद, आणि शिक्का कपाटात ठेवून कुलूप ते स्वतःच्या हाताने लावणार. शिवाय लाडकं वाक्य — "कागदावर आहे का? नसेल तर झालंच नाही."

सहा महिन्यांनी ते माझ्यावर शेरा लिहिणार. त्यावर ठरणार, मी कायम की घरी.

आई तोवर शेजारी सांगूनही आली, "आमची आता कोर्टात बसते." जशी काही न्यायाधीशच!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

तीनशे बारा पानं मोजली. एक कमी भरलं. परत मोजली. बरोबर होती. "म्हणजे त्रुटी मोजणाऱ्यात," इति हरकतराव. एक बरंय, या वहीत त्रुटी काढायला कोणी नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज खिडकीवर एक शिवणकामवाल्या बाई. गळ्यात टेप तशीच, दुकानातून उठून आलेल्या. वकील नाही, सगळं स्वतःच लिहिलेलं. एका खोलीत बावीस वर्षं दुकान, दोन मशिनं. मालकाला खोली रिकामी हवी, खालच्या कोर्टाने त्याचं ऐकलं. त्यावर अपील करायचंय. शेवटची तारीख अठरा. या कायद्यात एक दिवस उशीर झाला तरी माफी नाही.

हरकतरावांनी पहिलं पान उचललं. "समास कमी. परत न्या."

बाईंनी गळ्यातली टेप काढून सरळ कागदावर लावली! "साहेब, दीड इंच. वर एक सूत जास्तच आहे."

शिपाई फिस्सकन हसला. हरकतरावांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. "पानांना क्रमांक नाहीत."

संपलं. बाई परत. जाताना मलाच म्हणतात, "अगं मुली, आधी सांगायला काय झालं होतं?" मला काय झालं होतं! मी आठ दिवसांची कारकून, मला कोण विचारतंय?

बुधवार, १२ नोव्हेंबर

शोध लावला! शिक्क्याचं चाक सकाळी कशाला फिरवायचं? पाचला खिडकी बंद झाली की लगेच फिरवून टाकायचं. हात घरी जाऊन गरम पाण्याने धुवायचे. सकाळी नखं स्वच्छ, डोकं शांत. हरकतराव कुलूप लावताना शिक्क्याकडे बघतात थोडेच! आज करून बघितलं. कोणाला पत्ता नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

टेपवाल्या बाई परत. परत "परत न्या". का? पानांचे क्रमांक पेन्सिलीने घातलेत, शाईने हवेत. आणि हे म्हणणारे हरकतराव स्वतः जगभर लाल पेन्सिल फिरवतात!

बाई भडकल्या. "एकदाच काय ते सांगा की! मी ब्लाउज शिवताना गिऱ्हाइकाला आधी बाहीसाठी, मग गळ्यासाठी असं चार वेळा बोलावत नाही."

"ही शिलाई नाही, न्यायदान आहे," हरकतराव म्हणाले. केसांवरून हात फिरवत. ते केस रंगवतात, माझी खात्री आहे. त्या वयात इतके काळे केस कोणाचे असतात?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

वैताग, वैताग, वैताग.

हरकतराव साडेचारलाच पसार! कपाटाची किल्ली माझ्या हातात कोंबली — "शिक्का ठेवा, कुलूप लावा, कोणाला बोलू नका." का, कुठे, काही नाही. केस रंगवायला गेले असतील. मला वाटलं, सुटले. खिडकीवर चिटपाखरू नव्हतं. चाक फिरवलं, पिशवी भरली, सव्वापाचच्या बसची स्वप्नं बघत बसले.

आणि पाचला पाच कमी असताना टेपवाल्या बाई! धापा टाकत. "घे गं मुली, आज शेवटचा दिवस. शाईने आकडे घातलेत, समास मोजलाय, आता काय काढायचं ते काढ." काढणारे घरी गेले होते. मी धडाधड शिक्के मारले, पोच दिली, बाईंना जवळजवळ ढकललंच. बस तरी चुकलीच. पाऊण तास थांब्यावर उभी. लोकांना शेवटची पाच मिनिटंच का सापडतात?

बुधवार, १९ नोव्हेंबर

दहा मिनिटं उशिरा पोचले, तरी शिक्का तयार. शोध म्हणजे शोध! कालची शेवटची फाइल रजिस्टरला चढवायची राहिली होती, शिक्का बघून चढवली.

सोमवार, २४ नोव्हेंबर

हरकतराव रजिस्टरवर झोपले होते. चक्क घोरत! उठल्यावर मलाच म्हणाले, "लक्ष कुठे आहे तुमचं?"

गुरुवार, २७ नोव्हेंबर



आज हरकतराव मुदत तपासत होते. टेपवाल्या बाईंची फाइल उघडली. "शिक्का एकोणीसचा. मुदत अठराला संपली. परत." बाई समोरच उभ्या होत्या.

"मी अठरालाच दिलीय साहेब!"

"पोच दाखवा."

पोचेवरही एकोणीस. बाई तो कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिल्या. घरी नेऊन डब्यात ठेवला होता म्हणाल्या, तारीख कशाला बघायची, आपण स्वतःच तर दिलंय. मग माझ्याकडे वळल्या. "या मुलीच्या हातात दिलेत कागद. विचारा तिला. सांग गं!"

त्या क्षणी मला ते चाक आठवलं. अठराला संध्याकाळी, खिडकी बंद व्हायच्या आधीच, माझ्या या बोटांनी मी ते एकोणीसवर नेलं होतं. आणि मग त्याच शिक्क्याने बाईंचे कागद घेतले होते. न बघता!

आणि माझ्या तोंडातून काय निघालं?

"शिक्का तर एकोणीसचाच आहे."

खोटं नाही बोलले. लाज वाटते मला माझी.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. बैल माझा, पण रिकामी होणार बाईंची खोली.

आईला सगळं सांगितलं. ती आधी कपाळाला हात लावून बसली. मग म्हणाली, "आधी कायम हो. मग हवं तेवढं खरं बोल."

शनिवार, २९ नोव्हेंबर

बाईंच्या दुकानात गेले. का गेले कोणास ठाऊक. दारात दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि बाई त्यांना कापड परत देत होत्या. "नवीन काम घेत नाही. पुढच्या महिन्यात मी कुठे असेन, मलाच माहीत नाही." एक मशीन पोत्यात बांधून ठेवलेलं. भिंतीवर खडूने लिहिलेली मापं, एकावर एक, बावीस वर्षांची. ती कशी बांधून नेणार?

मला वाटलं शिव्या घालतील. त्यांनी माझ्या बाहीकडे बघितलं. "बटण लोंबतंय. ये इकडे." उभ्याउभ्याच टाचून दिलं, दाताने दोरा तोडला. म्हणाल्या, "तू तरी काय करणार, शिक्का म्हणेल तेच तुला म्हणायला लागणार."

त्यापेक्षा एक मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं.

सोमवार, १ डिसेंबर

सांगितलं! सकाळी खिडकी उघडायच्या आधीच, हरकतरावांसमोर उभी राहून, एका दमात. चाक, गरम पाणी, बस, सगळं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग तेच — "कागदावर आहे का?"

"साहेब, मी स्वतः सांगतेय ना!"

"रजिस्टर एकोणीस म्हणतं. शिक्का एकोणीस म्हणतो. तुम्ही आज येऊन अठरा म्हणता. उद्या मालकाचा वकील म्हणेल, बाईंनी कारकुनाला फितवलं. त्या दिवशी, त्याच दिवशी लिहिलेलं काही आहे?"

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि ही वही आठवली.

"आहे. माझी रोजनिशी."

"तारखेसकट?"

"हो. पण साहेब... त्यात तुमच्याबद्दलही आहे."

"खरं आहे की खोटं?"

"काही खरं. काही रागात."

"बाईंना शपथपत्र करायला सांगा. तुम्हीही करा. सोबत वही दाखल करायची, पूर्ण. एकही पान फाडायचं नाही. पान फाटलेली वही म्हणजे शंका, आणि शंका म्हणजे त्रुटी."

मंगळवार, २ डिसेंबर

सकाळपासून पहिल्या पानापासून वाचतेय. देवा रे! हरकतराव. केस. घोरणं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दाखल होणाऱ्या प्रत्येक पानाला क्रमांक घालायचं काम कोणाचं? त्यांचंच! एकेक पान त्यांच्या डोळ्यांखालून जाणार.

पण ते जाऊ दे. हसं झालं तर माझं होईल, शेरा वाईट आला तर आला. खरी भीती अठरा तारखेच्या पानाची आहे. "साडेचारलाच पसार." किल्ली माझ्या हातात. म्हणजे शिक्का सांभाळायला ते जागेवर नव्हतेच, हे न्यायाधीशांसमोर माझ्या अक्षरात. एकतीस वर्षांत त्यांच्यावर एक शेरा नाही, शिपाई नेहमी सांगतो. सप्टेंबरमध्ये निवृत्त होतायत. एवढी एकच ओळ खोडली तर? बाईंचं काहीच बिघडत नाही. पेन दोनदा टेकवलं.

नाही खोडली. खोडलेली ओळ मालकाचा वकील पहिली बघेल आणि बाईंचं अपील तिथेच मरेल. साहेब, हे वाचाल तेव्हा — रागावा, पण मला दुसरा रस्ता दिसला नाही. या वहीत मी पहिल्यांदाच कोणाशी तरी बोलतेय.

साडेदहा वाजले. नेऊन देते.

मंगळवार, २३ डिसेंबर

वही परत मिळाली. मुखपृष्ठावर पुराव्याचा क्रमांक, निशाणी सात.

अपील अठरा तारखेचं धरलं. बाईंनी पोत्यातलं मशीन सोडलंय. मला लेखी ताकीद. हरकतरावांनाही — एकतीस वर्षांत पहिली. आईला अजून सांगितलं नाही.

प्रत्येक पानावर त्यांच्या लाल पेन्सिलीचा क्रमांक आहे. केसांच्या पानावर फक्त क्रमांक. घोरण्याच्या पानावर फक्त क्रमांक. कुठे एक रेघ नाही. फक्त अठरा तारखेच्या पानावर, समासात, बारीक अक्षरात, वही न्यायाधीशांकडे जायच्या आधीची तारीख घालून, खाली सही करून एक ओळ:

"त्रुटी — मी साडेचारला नव्हे, सव्वाचारला निघालो होतो."