दात घालून झोपते

यतीनच्या बाबांस नमस्कार.

मास्क लावून बोलता येत नाही, म्हणून लिहिते. श्वासाचं मशीन गुणाचं आहे हो, आता सकाळी डोकं जड होत नाही. फक्त माझे गाल बसलेत ना, बाजूने हवा सुटते, म्हणून कवळी घालून झोपते. आपली इशिता म्हणते, "आजी, जेवताना दात काढतेस नि झोपताना घालतेस!" इतकी हसले की मशीनच ओरडलं.

सून ऊन ऊन पेज देते. खिडकीला जाळी आहे, कावळासुद्धा येत नाही. वाल पेरलेत का?

यतीन मला गावी सोडत नाही. म्हणतो, "आई, चांदीपला लाईट गेली, मशीन थांबलं, मग?" हल्ली रोज किती वेळ जाते हो? तुमचं उत्तर त्याला दाखवायचंय, तेव्हा वेळ थोडा कमीच लिहा.

तुमचीच,
जयवंती